गुलामगिरीविरुद्धचे लेखन शोधताना जोतीराव भेटतात

शाळांमधून मुलांना हल्ली प्रकल्प दिले जातात. त्यात एक विषय अधूनमधून येतो: गुलामगिरीच्या विरोधात जगात जे ऐतिहासिक लेखन झाले ते शोधा आणि त्याची माहिती लिहा. ओझर आणि आसपासच्या वस्त्यांत आम्ही अभ्यासिकांचे काम करतो. त्यामुळे अशा वह्या आमच्यासमोर येतात. मुले मोबाइलवर शोधतात आणि अब्राहम लिंकन, फ्रेडरिक डग्लस, हॅरिएट बीचर स्टो ही नावे उतरवून आणतात. नावे बरोबर आहेत, माहितीही बहुतेक बरोबर असते. पण वही मिटताना मुलाच्या मनात एकच चित्र राहते. गुलामी म्हणजे जहाजे, साखळ्या आणि कापसाचे मळे. ती फार दूर घडली आणि केव्हाच संपली.

एका मुलीने आपल्या यादीत जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ लिहिले होते. वही परत आली तेव्हा त्या नोंदीपुढे विषयाला धरून नाही असा शेरा होता. हे पुस्तक जातीवर आहे, गुलामीच्या प्रकल्पात ते कसे बसेल, असा प्रश्न तिच्या घरच्यांनाही पडला. प्रश्न प्रामाणिक असेल तर त्याला रागाने उत्तर देण्यात अर्थ नाही. हे पुस्तक कोणी लिहिले, का लिहिले आणि त्याला तेच नाव का दिले, हे जोतीरावांच्या आयुष्याकडे पाहिले की कळते. म्हणून ते आयुष्य आम्ही इथे थोडक्यात सांगत आहोत.

शाळेतून काढलेला मुलगा

जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात येऊन फुलांचा व्यवसाय केला, पेशव्यांकडे फुले पुरवली आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. जोतीराव जेमतेम वर्षाचे असताना आई चिमणाबाई गेल्या. नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवले.

वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातले होते. पण माळ्याच्या मुलाने शिकून काय करायचे, शिकला तर शेतीच्या कामातून जाईल, असे दुकानातल्या कारकुनाने त्यांच्या मनात भरवले आणि शाळा सुटली. मुलगा मळ्यात काम करू लागला. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट नावाचे ख्रिस्ती गृहस्थ यांनी या मुलाची हुशारी पाहिली आणि गोविंदरावांना समजावले. १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले.

ही एक छोटी घटना आम्हाला फार महत्त्वाची वाटते. अक्षरांपासून माणसाला दूर कसे ठेवले जाते हे जोतीराव लहानपणीच स्वतःच्या अंगावर शिकले. इथे कोणी बेड्या घातल्या नाहीत, फटके मारले नाहीत. भल्याचा सल्ला म्हणून एक वाक्य सांगितले गेले आणि बापानेच मुलाला शाळेतून काढले.

मिशनच्या शाळेत त्यांना सदाशिव गोवंडे, मोरो वाळवेकर, सखाराम परांजपे असे ब्राह्मण मित्रही मिळाले. पुढच्या कामात या मित्रांनी साथ दिली. त्याच काळात त्यांनी थॉमस पेन यांचे मानवी हक्कांवरचे पुस्तक वाचले. अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यात लेखणीने उतरलेला हा माणूस. जन्माने कोणी राजा नाही आणि जन्माने कोणी नोकर नाही, ही त्याची मांडणी पुण्यातल्या विशीतल्या तरुणाच्या मनात पक्की बसली.

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा जातीवरून अपमान झाला. शूद्राने आमच्या बरोबरीने चालायचे नाही, असे त्यांना सुनावले गेले. त्याच वर्षी त्यांनी बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिक्षिका झाल्या. त्या शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला जाई, हे आपल्यातल्या प्रत्येक घरात सांगितले जाते. पुढे लोकांच्या दबावाखाली गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. शिक्षणाचे काम मात्र त्यांनी सोडले नाही. नंतर महार, मांग आणि इतर अस्पृश्य मुलांसाठीही शाळा निघाल्या. १८५२ साली सरकारने विश्रामबाग वाड्यात मेजर कॅंडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार केला. अपमानाच्या वरातीनंतर चार वर्षांनी त्याच शहरात झालेला हा सत्कार होता.

मुक्ताबाईने लिहिलेला निबंध

आता शाळेच्या प्रकल्पाशी थेट नाते असलेली गोष्ट. फुले दांपत्याच्या शाळेत मुक्ताबाई नावाची मातंग समाजातली मुलगी शिकत होती. चौदा वर्षांची असताना तिने महार आणि मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. हे नियतकालिक अमेरिकन मराठी मिशनचे होते.

या निबंधात मुक्ताबाई विचारते की वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता. पेशवाईत तालमीसमोरून गेलेल्या मांग-महाराचे काय होत असे, इमारतीच्या पायात माणसे कशी पुरली जात, बाळंत होताना डोक्यावर छप्पर नसलेल्या बायकांना थंडीवाऱ्यात काय सोसावे लागे, हे ती एकेक करून मांडते. शेवटी आपल्या समाजाला ती शिकायला सांगते, कारण अज्ञानामुळेच हे सोसावे लागते.

काळ लक्षात घ्या. हॅरिएट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ १८५२ साली आली होती. अमेरिकेतले गुलाम अजून मुक्त व्हायचे होते. म्हणजे जगात गुलामीविरुद्धचे सर्वात गाजलेले लेखन होत होते त्याच वर्षांत पुण्यात एक अस्पृश्य मुलगी शाळेच्या बाकावर बसून स्वतःच्या लोकांच्या दास्याचा हिशेब मराठीत मांडत होती. मुलांना गुलामीविरुद्धचे लेखन शोधायला सांगितले आहे ना? हे शाळकरी मुलीनेच लिहिलेले आहे.

अमेरिकेला अर्पण केलेले पुस्तक

पुढची अठरा वर्षे जोतीराव काम करत राहिले. १८५५ साली कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. त्याच वर्षी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यांना मारायला दोन माणसे पाठवली गेली होती, आणि जोतीरावांशी बोलल्यावर तीच माणसे त्यांची झाली, असे चरित्रकार सांगतात. १८६३ साली फसवल्या गेलेल्या विधवांसाठी त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्याने पुढे दत्तक घेतला. तोच यशवंत, जो मोठा होऊन डॉक्टर झाला. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला.

दरम्यान अमेरिकेत यादवी युद्ध झाले. १८६५ साली तिथल्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती झाली आणि गुलामी कायद्याने संपली. ही बातमी पुण्यात पोचली तेव्हा किती जणांनी ती आपली मानली असेल? जोतीरावांनी मानली. १ जून १८७३ रोजी त्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. ते त्यांनी अमेरिकेतल्या त्या सज्जन लोकांना अर्पण केले, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे त्याग केला. आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवावा आणि शूद्र बांधवांना दास्यातून सोडवावे, अशी इच्छा त्यांनी त्याच अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. पुस्तकाला इंग्रजी प्रस्तावनाही आहे.

मराठी प्रस्तावनेत तर त्यांनी तुलना स्पष्टच केली आहे. आईबापांपासून, लेकरांपासून तोडलेले गुलाम सुटले तेव्हा त्यांना काय वाटले असेल, हे शूद्रातिशूद्रांना इतरांपेक्षा अधिक कळेल, कारण त्यांनी ते भोगले आहे. फरकही त्यांनी नोंदवला. अमेरिकेतल्या गुलामांना दुष्टांनी पकडून नेले, इथल्या लोकांना जिंकून दास केले गेले. त्रासात मात्र फरक नाही, असे त्यांचे म्हणणे.

पुस्तक सोळा भागांचे आहे. जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद चालतो. धोंडीबा शंका काढतो, जोतीराव उत्तर देतात. मत्स्यापासून परशुरामापर्यंतच्या अवतारकथा ते उलट्या बाजूने वाचतात आणि बळीराजाला आपला पूर्वज म्हणून उभा करतात. मग ते वर्तमानात येतात. गावचा कुलकर्णी, कचेरीतला कारकून, शाळाखाते, यांच्यामार्फत अडाणी शेतकरी कसा नाडला जातो हे दाखवतात.

नाशिकच्या शरणपुरातही होते मुक्त गुलाम

गुलामगिरी आपल्या भागापासून दूरची गोष्ट आहे, असे वाटणाऱ्यांसाठी एक माहिती. ओझरहून नाशिकला गेलो की शरणपूर रोड लागतो. ते नाव तिथल्या ख्रिस्ती वसाहतीवरून आले. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने तिथे आफ्रिकन मुलांना आसरा आणि शिक्षण दिले. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या तावडीतून इंग्रजी जहाजांनी सोडवलेली ही मुले होती. जेकब वेनराइट त्यांच्यापैकीच एक. १ मे १८७३ रोजी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि त्या प्रवासाची रोजनिशी त्याने लिहिली. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफनाच्या वेळी तो हजर होता.

म्हणजे १८७३ या एकाच वर्षात पुण्यात ‘गुलामगिरी’ छापली जात होती आणि नाशिकमध्ये शिकलेला एक मुक्त गुलाम आफ्रिकेत रोजनिशी लिहीत होता. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना गुलामीविरुद्धच्या लेखनाचा शोध फार लांब नेण्याची गरज नाही.

मग जातीला गुलामी म्हणायचे का?

आता त्या शेऱ्याचे उत्तर. कायद्याच्या भाषेत बोलायचे तर ब्रिटिश साम्राज्यातल्या गुलामीबंदीचा कायदा १८३३ साली झाला, पण कंपनीच्या ताब्यातला हिंदुस्थान त्यातून वगळला होता. इथे १८४३ साली पाचवा कायदा आला आणि माणसावरची मालकी न्यायालयाने मान्य करणे बंद झाले. त्याआधी पेशवाईत कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्या जात, ठेवल्या जात. तेव्हा शब्दशः अर्थाची गुलामीही महाराष्ट्राला अनोळखी नव्हती.

पण १८४३ नंतर तीस वर्षांनी जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ का लिहिली? कारण विकत घेतलेला माणूस कायद्याने सुटू शकतो. ज्याच्या मनात आपण जन्मानेच खालचे आहोत हे पक्के झाले आहे, त्याला एका कायद्याने सोडवता येत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अनेक राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. फ्रेडरिक डग्लस यांना अक्षरे लपूनछपून शिकावी लागली. आपल्याकडे तीच बंदी धर्मशास्त्राच्या नावाने होती. दोन्हीकडचे मालक पुस्तकाला घाबरत होते. जोतीरावांनी हे ओळखले, म्हणूनच त्यांनी आधी शाळा काढली आणि पंचवीस वर्षांनी पुस्तक लिहिले.

जात आणि अमेरिकेतली गुलामी अगदी एकच आहेत, असे आम्ही म्हणत नाही. समाजशास्त्राचा विद्यार्थी तसे म्हणणार नाही. तिथे बाजारात बोली लागत होती, इथे बोलीशिवायच पिढ्यान्‌पिढ्या राबवले जात होते. पण १८७३ साली एका मराठी माणसाने स्वतःच्या लोकांच्या स्थितीला हे नाव दिले, पुस्तक गुलाम सोडवणाऱ्यांना अर्पण केले आणि प्रस्तावनेत दोन्हींची तुलना केली. एवढे असताना ते पुस्तक गुलामीविरुद्धच्या लेखनाच्या यादीत बसत नाही, असे म्हणणे धरून चालत नाही.

लेखणी आणि काम बरोबरच

पुस्तक येऊन चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. भटाशिवाय लग्ने लागू लागली. १८७७ च्या दुष्काळात समाजाने धनकवडीला उपाशी मुलांसाठी छावणी चालवली. जोतीराव स्वतः ठेकेदारही होते. बांधकामाचा व्यवसाय करून ते पैसा मिळवत आणि तो कामाला लावत. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते.

१८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. सरकारला मिळणारा पैसा शेतकऱ्याच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी होतो, हे त्यांनी दाखवून दिले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आज आपण गृहीत धरतो, त्यामागे ही मागणी आहे.

‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी १८८३ पर्यंत लिहून पूर्ण केला. त्यात बंधारे, तलाव, पाणी अडवणे यांचाही विचार आहे. ओझरच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला पाणी पोचत नव्हते, तेव्हा समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये यांच्या प्रयत्नांतून इथल्या शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था उभ्या केल्या. त्यातल्या एका संस्थेला महात्मा फुले यांचे नाव आहे.

गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधकच. ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या सभेत जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली गेली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला आणि उजवा हात गेला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून काढले. त्यात एका आदर्श कुटुंबाची कल्पना आहे. घरातल्या बाईला बौद्ध धर्म पटला तर तिने तो स्वीकारावा, नवऱ्याला ख्रिस्ती पटला तर त्याने तो, मुलीने इस्लाम, मुलाने सत्यधर्म. सगळ्यांनी एका घरात प्रेमाने राहावे, कोणी कोणाचा द्वेष करू नये. ज्याचे त्याने तपासून स्वीकारावे हा विचार आपल्याला कालाम सुत्तामुळे ओळखीचा आहे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून वाद झाला तेव्हा सावित्रीबाईंनी पुढे होऊन ते हातात घेतले. पुस्तक १८९१ मध्ये छापून आले.

गुरूला मानणे म्हणजे काय

त्याच १८९१ साली बाबासाहेबांचा जन्म झाला. बुद्ध, कबीर आणि फुले हे बाबासाहेबांनी मानलेले तीन गुरू. १९४६ साली त्यांनी शूद्र कोण होते या विषयावरचा ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला. गंमत अशी की याच ग्रंथात बाबासाहेबांनी बाहेरून आलेल्या आर्यांचा सिद्धान्त नाकारला, आणि ‘गुलामगिरी’ची सगळी उभारणी तर त्याच सिद्धान्तावर आहे. जोतीरावांच्या काळात युरोपातले विद्वानही तेच सांगत होते. गुरूचा निष्कर्ष तपासावा, पटला नाही तर सोडावा आणि तरीही त्याने उघडलेल्या वाटेचा मान ठेवावा. मुलांनी ‘गुलामगिरी’ वाचताना हेच करावे. त्यातली प्रत्येक पुराणकथा इतिहास म्हणून पाठ करायची गरज नाही. पण माणसाला दास करणाऱ्या गोष्टी कशा रचल्या जातात, हे त्यातून शिकावे.

त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. संयुक्त राष्ट्रांपुढे कृष्णवर्णीयांनी मांडलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिले. जोतीरावांनी १८७३ साली जो पूल बांधायला घेतला, त्यावरून ही पत्रे गेली. पुढे १९७२ साली मुंबईतल्या तरुणांनी आपल्या संघटनेचे नाव दलित पँथर ठेवले तेही याच नात्यामुळे. आपल्या नाशिकने १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह पाहिला आहे, १९३५ ची येवल्याची घोषणा ऐकली आहे. त्या दोन्हींच्या मागेही भिडे वाड्यातली शाळा आहे.

‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ साली प्रथम प्रसिद्ध केले. सरकारी प्रकाशन असल्याने ते स्वस्त आहे आणि अनेक वाचनालयांत मिळते. ‘गुलामगिरी’ त्यातच आहे. पालकांनी आणि विहारांतल्या कार्यकर्त्यांनी ते मुलांच्या हाती द्यावे. मोठ्यांनी आधी स्वतः वाचावे, कारण मुले प्रश्न विचारतील. प्रकल्पाच्या यादीत डग्लस आणि स्टो राहू द्यावेत. त्यांच्याच शेजारी मुक्ताबाई, जेकब वेनराइट आणि जोतीराव फुले ही नावे लिहावीत, आणि प्रत्येक नावापुढे सन लिहावा. १८४५, १८५२, १८५५, १८७३. हे आकडे एकाखाली एक आले की कोणालाही शेरा मारण्याआधी थांबावे लागेल.

जय जोती! जय भीम! नमो बुद्धाय!